विटॅमिन डी एवढं खाऊनही अंगी का लागत नाही

आमचं साताऱ्यात मेडिकल आहे. काउंटरवर बसलं की कुणीतरी मोबाईलमधला रिपोर्ट पुढे करतं आणि म्हणतं, ताई, एवढ्या पुड्या खाल्ल्या पण डी काही वाढेना, अजून स्ट्राँग काही आहे का. मी डॉक्टर नाही, फार्मसी शिकलेय, त्यामुळे डोस ठरवणं माझं काम नाही. पण पाकिटावर काय लिहिलंय आणि ते पोटात गेल्यावर त्याचं काय होतं हे मला माहितीये, आणि इतकी वर्षं हे बघून माझं ठाम मत झालंय की डोस वाढवायच्या आधी आपण नेमकं काय खातोय, कशाबरोबर खातोय आणि टेस्ट कधी केली हे नीट बघायला हवं. बऱ्याच जणांचं उत्तर तिथेच सापडतं, आणि ज्यांचं सापडत नाही त्यांच्या शरीरात काहीतरी वेगळं चाललेलं असतं जे नुसत्या स्ट्राँग पुडीने झाकलं जाऊ नये.

माझ्या मोठ्या नणंदेचं सांगते. त्या कराडला असतात, गुडघे आणि कंबर दुखते म्हणून टेस्ट केली तर डी आलं १३, म्हणजे एका मिलिलिटर रक्तात १३ नॅनोग्रॅम. गोळ्या सुरू झाल्या, रोज एक, एकही दिवस न चुकता, तशा त्या फार नेमाच्या आहेत. वर्षाने परत टेस्ट केली तर १५. त्या इतक्या हिरमुसल्या, म्हणाल्या माझ्या अंगालाच काही लागत नाही बघ. मी म्हटलं वन्सं, येताना पाकीट घेऊन या. पुढून पाकिटावर मोठ्ठं कॅल्शियम लिहिलेलं आणि खाली हाडांचं चित्र. मागे त्या चंदेरी कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात, अर्धं एक्सपायरीच्या शिक्क्याखाली दबलेलं, कॅल्शियम कार्बोनेट, झिंक, आणि कॅल्सिट्रिऑल ०.२५ मायक्रोग्रॅम. झालं, कळलं काय ते. वर्षभर त्या ज्याला विटॅमिन डी समजून खात होत्या ते रिपोर्टात दिसणारं डी नव्हतंच.

हे जरा समजून घ्या कारण आपल्याकडे या प्रकारच्या गोळ्या प्रचंड खपतात. आपण साधं डी खातो ते कोलेकॅल्सिफेरॉल, म्हणजेच डी३. ते आतड्यातून रक्तात जातं, मग लिव्हरमधे त्याचं २५ हायड्रॉक्सी विटॅमिन डी होतं, आणि लॅब मोजते ते हेच. त्यातलं थोडं थोडं गरजेप्रमाणे किडनीत जाऊन शेवटचं, कामाचं रूप बनतं, त्याला कॅल्सिट्रिऑल म्हणतात. ज्यांची किडनी ते शेवटचं काम करू शकत नाही त्यांना डॉक्टर थेट कॅल्सिट्रिऑल देतात, त्यांच्यासाठी ते फार मोलाचं औषध आहे. पण ज्याची किडनी ठणठणीत आहे आणि साठाच रिकामा आहे त्याने कॅल्सिट्रिऑल कितीही खाल्लं तरी साठा भरत नाही, कारण शरीरात उलटा रस्ता नाहीये, कॅल्सिट्रिऑलपासून परत २५ हायड्रॉक्सी बनत नाही. वर ते काही तासांतच संपतं, आणि जास्त झालं तर डी मोडून टाकणारं एन्झाइम वाढवतं, म्हणजे साठ्याला उलट गळतीच. अल्फाकॅल्सिडॉल नावाचं त्याचंच एक भावंड आहे, तेही रिपोर्टात दिसत नाही. तर पाकिटावर कॅल्सिट्रिऑल किंवा अल्फाकॅल्सिडॉल असेल आणि तुम्हाला किडनीचा किंवा पॅराथायरॉइडचा (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या मानेतल्या छोट्या ग्रंथींचा) काही त्रास नसेल तर डॉक्टरांना एवढंच विचारा की मला साधं डी३ चालेल का. स्वतःहून बंद करू नका, कारण कधी कधी ते खरंच कारणाने दिलेलं असतं.

आणि हे कसं होतं माहितीये का, चिठ्ठीवर एक नाव असतं, दुकानात ते नसतं, आणि मग "ती नाही पण सेमच आहे" म्हणून दुसरी दिली जाते. नावं एकसारखी, डबे एकसारखे, हाडांची चित्रं एकसारखी. मला या गोष्टीचा खरंच त्रास होतो, कारण घेणारा माणूस विश्वासाने घेतो आणि वर्षभर पैसे भरतो.

दुसरा प्रकार यापेक्षाही जास्त दिसतो. कॅल्शियमच्या नेहमीच्या गोळीत डी३ असतं, बरोबर, पण किती? पाकिटावर लिहिलेलं असतं कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम, म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम, आणि विटॅमिन डी३ २५० आययू (विटॅमिन मोजायचं एक एकक). आता हिशोब करा. ढोबळ मानाने रोज १०० आययू घेतले तर रक्तातली लेव्हल साधारण १ नॅनोग्रॅमने वर जाते, तीही दोन तीन महिन्यांनी. म्हणजे २५० आययूने वाढणार अडीच नॅनोग्रॅम. ११ असलेल्याचं १३ किंवा १४ होईल, आणि तो म्हणेल गोळी लागू पडली नाही. गोळीने तिचं काम केलंय हो, तिच्यात तेवढंच होतं. आयसीएमआरच्या, म्हणजे आपल्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या शिफारशीत निरोगी मोठ्या माणसाची रोजची गरजच ६०० आययू धरलीये, आणि ती साठा खाली गेलेला भरून काढायला नाही, आहे तो टिकवायला. मल्टिविटॅमिनवर कधी मायक्रोग्रॅममधे लिहितात, १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू, त्यामुळे ५ मायक्रोग्रॅम वाचून घाबरू नका किंवा खूशही होऊ नका, ते २०० आययू झालं.

फोर्टिफाइड दुधाचंही तेच. पिशवीवर निळं प्लस एफ चिन्ह असतं ते चांगलंच आहे, मी घरी तेच दूध आणते, पण एका कपात जेवढं डी येतं त्याने १० वर असलेली लेव्हल ३० वर जाणार नाही.

मग येते ती ६०,००० ची पुडी. ही मात्र खरी ताकदीची आहे, ६०,००० आययू म्हणजे १५०० मायक्रोग्रॅम. आठवड्याला एक अशी ८ आठवडे घ्यायची आणि मग महिन्याला एक, असं साधारण लिहून दिलेलं असतं. लोक पहिले ८ आठवडे मन लावून घेतात आणि दुखणं कमी झालं की संपलं. महिन्याची पुडी कुणाच्या लक्षातच राहत नाही, कारण रोजची सवय लागते, आठवड्याची वारावर लावता येते, महिन्याची कशावर लावणार. २५ हायड्रॉक्सी डी चं रक्तातलं अर्धं आयुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा वेळ, आहे दोन ते तीन आठवडे. म्हणजे कोर्स संपल्यावर सहा महिन्यांनी टेस्ट केली तर तुम्ही कोर्सचा परिणाम मोजतच नाही आहात, तो कधीच उतरून गेलेला असतो. उलट काही जण दोनच पुड्या झाल्यावर टेस्ट करतात, तीही घाईच, कारण लेव्हल स्थिर व्हायला साधारण तीन महिने लागतात. महिन्याला एक पुडी म्हणजे रोजचे २००० आययू पडतात, हे ध्यानात ठेवलं की ती चुकवल्याने काय जातं ते कळतं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते, संकष्टीवर लावा. संकष्टी बरोबर महिन्याला एकदा येते आणि घरात कुणी ना कुणी विसरत नाही, फक्त सकाळी निरंकार असताना घेऊ नका, चंद्रोदयानंतर उपास सोडताना ताटावर बसलात की घ्या.

हे ताटावर बसण्याचं का म्हणतेय तर डी स्निग्धात विरघळतं. रिकाम्या पोटी पाण्यात ढवळून घेतलं तर ते नीट शोषलं जात नाही. २०१० साली अमेरिकेत क्लीव्हलँडला एक अभ्यास झाला होता, छोटासाच, १७ जणांचा, ज्यांचं डी गोळ्या घेऊनही वाढत नव्हतं असे लोक. त्यांना फक्त एवढंच सांगितलं की तीच गोळी दिवसातल्या सगळ्यात मोठ्या जेवणाबरोबर घ्या. दोन तीन महिन्यांत सरासरी लेव्हल ५० टक्क्यांहून जास्त वाढली. डोस तोच, गोळी तीच. छोट्या अभ्यासावर फार उड्या मारू नयेत हे मान्य, पण फुकटातला बदल आहे, करून बघायला काय हरकत आहे. आपल्याकडे किती जण आठवड्याची पुडी गुरुवारी घेतात, कारण गुरुवार लक्षात राहतो, आणि गुरुवार लक्षात का राहतो तर त्या दिवशी उपास असतो! दिवसभर चहा आणि एखादं केळं, त्यात सकाळी पुडी. वार बदला, रविवारी दुपारी वरणभात तूप असेल त्याबरोबर घ्या. सायीचं दूध असेल तरी चालेल, बिनसायीचं पातळ दूध नको.

आता रिपोर्टाबद्दल. कमी म्हणजे किती कमी हेही बघा. २०११ मधे अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सांगितलं की बहुतेकांच्या हाडांना २० नॅनोग्रॅम पुरतं, त्याच वर्षी तिथल्याच एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांच्या संघटनेने, ३० हवं म्हटलं, आणि बऱ्याचशा लॅबनी ३० ची रेघ धरली. २०२४ च्या नव्या गाइडलाइनमधे त्याच सोसायटीने ती ३० ची रेघ काढून टाकली आणि निरोगी माणसांनी उगाच टेस्ट करत बसू नये असंही म्हटलं. म्हणजे तुमचं २४ आलं आणि समोर लाल अक्षरात इन्सफिशियंट छापलं तर लगेच आभाळ कोसळलं असं नाही. २४ ला वैतागून डबल पुड्या खाणारे आणि ८ असून कोर्स अर्धा सोडणारे, मला दोघांचीही सारखीच काळजी वाटते.

लॅब बदलली तरी आकडा बदलतो, पद्धती वेगळ्या, मशीन वेगळं, त्यामुळे तुलना करायची तर एकाच लॅबमधे करा. केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर लॅबला सांगा, काही मशीनवर बायोटिनमुळे डी खोटं खोटं जास्त येतं. आणि परदेशातल्या मंडळींनी एकक बघा. माझा चुलतभाऊ लंडनला आहे, त्याचा मेसेज आला डी ४८ आहे म्हणजे मस्तच ना, तर ते नॅनोमोल होतं. अडीचने भागायचं, म्हणजे आपल्या हिशोबात १९. तिकडे ऑक्टोबर ते मार्च उन्हात डी बनवणारा किरण जवळजवळ येतच नाही, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांना तिथलं सरकारच वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम घ्यायचा विचार करा म्हणतं.

पण मग आपल्याकडे एवढं ऊन असून? दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी २००० साली निरोगी दिल्लीकर तपासले होते आणि त्यातही डी कमी निघालं होतं, तेव्हापासून हा प्रश्न विचारला जातोय. एक गोष्ट मला अगदी पोटतिडकीने सांगायची आहे ती कोवळ्या उन्हाबद्दल. सकाळी सात साडेसातला गॅलरीत बसून डी मिळतं असं घराघरात सांगतात. सूर्य तेव्हा खाली असतो, किरण तिरपे येतात, आणि डी बनवणारे यूव्हीबी किरण वातावरणातच अडतात. तिरुपतीला झालेल्या कामात ११ ते २ हीच वेळ चांगली निघाली. सोपी खूण म्हणजे आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असली पाहिजे. काचेतून येणाऱ्या उन्हात यूव्हीबी नसतं, त्यामुळे खिडकीशी बसून उपयोग नाही. गाडीवर जाताना आपण तोंडाला स्कार्फ, अंगात सनकोट, हातात मोजे घालतो, त्यातून काय मिळणार. आणि जून ते सप्टेंबर इकडे आभाळ उघडतच नाही, महाबळेश्वर पाचगणीच्या बाजूला तर विचारूच नका. म्हणून मे महिन्यातला रिपोर्ट आणि सप्टेंबरमधला रिपोर्ट यांची तुलना करताना मधला पावसाळा धरा, गोळी तीच असली तरी वरची भर गेलेली असते.

वजनाचं बोलायला लोकांना आवडत नाही पण बोललं पाहिजे. डी चरबीत जाऊन बसतं आणि शरीराचं आकारमान मोठं असलं की तेवढाच डोस जास्त जागेत पसरतो. अमेरिकेत व्हायटल नावाचा मोठा अभ्यास झाला, २५,८७१ लोक, निम्म्यांना रोज २००० आययू. त्याच्यातच नंतर दिसलं की ज्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) जास्त त्यांची लेव्हल तेवढ्याच डोसला कमी वाढली. २०११ च्या गाइडलाइनमधे लठ्ठ व्यक्तींना दुप्पट तिप्पट डोस लागू शकतो असं म्हटलं होतं. म्हणजे बारीक जावेला जो डोस पुरला तोच तुम्हाला पुरला नाही तर त्यात तुमचा काही दोष नाही, डोसचा हिशोब वेगळा आहे, डॉक्टरांना वजन सांगून विचारा.

बाकीची औषधं कुणी सांगतच नाही. फिटच्या गोळ्या, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन, यांनी लिव्हरमधली एन्झाइम्स जोरात चालतात आणि डी लवकर मोडतं. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन, तेच करतं. बरीच वर्षं स्टेरॉइड चालू असेल तरी परिणाम होतो. वजन कमी करायची ऑर्लिस्टॅट तर अन्नातलं काही फॅट शोषूच देत नाही, मग त्याबरोबर डी पण जातं, दोन्हीत निदान दोन तास अंतर ठेवायचं असतं. आणि पित्ताची गोळी! पॅन्टोप्राझोल सकाळी उठल्या उठल्या, वर्षानुवर्षं, कुणाला न विचारता. दीर्घकाळ घेतल्याने मॅग्नेशियम कमी होऊ शकतं असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०११ मधेच दिलाय, आणि डी ला कामाच्या रूपात आणणाऱ्या एन्झाइम्सना मॅग्नेशियम लागतं. ज्वारी, बाजरी, शेंगदाणे, तीळ, पालेभाज्या रोजच्या जेवणात असतील तर मॅग्नेशियमची वेगळी गोळी लागेलच असं नाही.

आहारातल्या कॅल्शियमचाही याच्याशी संबंध आहे. कॅल्शियम कमी पडलं की पॅराथायरॉइड हार्मोन वाढतं, त्याने कॅल्सिट्रिऑल जास्त बनतं आणि डी चा साठा लवकर खर्च होतो. दूध, दही, नाचणी, तीळ हे चालू ठेवा, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

आता हे सगळं बरोबर आहे, डी३ च आहे, डोस पुरेसा, जेवणाबरोबर, तीन महिने नियमित, आणि तरी लेव्हल हलत नाही, तर मात्र गप्प बसू नका. शोषणाचा आजार असू शकतो. सीलिअॅक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याचं अस्तर खराब होणं, यात दरवेळी जुलाबच होतात असं नाही, कधी नुसतं डी वाढत नाही आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही. हे दोन्ही एकत्र दिसलं की मी तरी सांगतेच की डॉक्टरांना टीटीजी टेस्टबद्दल, म्हणजे सीलिअॅकच्या रक्ततपासणीबद्दल, विचारा. क्रॉन्स (आतड्याची जुनाट सूज), स्वादुपिंडाची जुनी सूज, पोटाची वजन कमी करायची शस्त्रक्रिया झालेली, यातही तेच होतं. लिव्हर फार खराब असेल तर पहिलीच पायरी अडते. लघवीतून प्रोटीन जात असेल तर डी ला वाहून नेणारं प्रोटीनही त्याबरोबर निघून जातं. आणि पॅराथायरॉइड ग्रंथीला गाठ असेल तर डी कमी आणि कॅल्शियम जास्त असं दिसतं, अशा माणसाला मुतखडे वारंवार होऊ शकतात, आणि त्याला कुणी कॅल्शियम बघितल्याशिवाय पुड्यांवर पुड्या दिल्या तर ते धोक्याचं आहे. जनुकांमुळेही काहींची लेव्हल मुळातच खाली राहते, पण ते सगळ्यात शेवटी.

स्ट्राँगची जी मागणी असते ना, तिची मला भीती वाटते. सहा लाख आययूचं इंजेक्शन दरवर्षी घेऊन टाकायचं म्हणजे कटकट मिटली असं बरेच जण म्हणतात. ऑस्ट्रेलियात सत्तरी आणि त्यापुढच्या २२०० हून जास्त बायकांवर अभ्यास झाला, निम्म्यांना वर्षातून एकदा पाच लाख आययू तोंडावाटे दिले, २०१० मधे निकाल आला तर औषध घेणाऱ्या गटात पडणं आणि हाडं मोडणं दोन्ही जास्त. एकदम मोठा ढीग ओतून हाडं मजबूत होत नाहीत. आणि आठवड्याची ६०,००० ची पुडी चुकून रोज खाणारी माणसं मी पाहिलीयेत, त्यात एक आजोबा होते, उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, सारखी लघवी, बोलताना गोंधळ, घरच्यांना वाटलं वयाचं आहे, निघालं रक्तात कॅल्शियम वाढलेलं आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीवरचा ताण दाखवणारा आकडा, चढलेलं. त्यांना ॲडमिट करावं लागलं. तेव्हापासून मी प्रत्येक पुडीवर पेनाने वार लिहून देते, रवि, रवि, रवि.

डॉक्टरांकडे जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत घालून न्या, पित्ताची, फिटची, केसांची, वजनाची, आयुर्वेदिक असतील तीही. डी कमीच राहतंय म्हटल्यावर कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन आणि पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन) बघायचं का हे विचारा. पीटीएच नॉर्मल, कॅल्शियम नॉर्मल, दुखणं काही नाही आणि डी २२, तर कदाचित ते म्हणतील चालू आहे ते चालू ठेवा. पीटीएच वाढलेलं असेल तर मात्र शोध घ्यावाच लागतो. पुढची टेस्ट तीन महिन्यांनी, त्याच लॅबमधे.